शॅम्पेन, कोन्याक आणि आत्याच्या कुड्या

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन प्रकारचे वाङ्मय येऊन पडते. एक दिवाळी अंक आणि दुसरे सराफांच्या पेढ्यांचे रंगीत कॅटलॉग. पहिल्या प्रकाराविषयी मी गेली चाळीस वर्षे बरेवाईट लिहीत आलो आहे. दुसऱ्याकडे मात्र मी, किंवा माझ्या माहितीतल्या कोणाही समीक्षकाने, वाङ्मय म्हणून कधी पाहिले नाही. ही आमची चूक झाली असे आता वाटू लागले आहे. दिवाळी अंकातली कविता वाचून कोणी खिशातून लाखभर रुपये काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कॅटलॉगातल्या दोन ओळी वाचून मात्र शहाणीसुरती माणसे ते काढतात आणि वर हसतमुखाने घरी येतात. शब्दांच्या सामर्थ्याविषयी आम्ही एवढी पाने भरतो, तर ते सामर्थ्य जिथे रोख मोजून मिळते तिथे एकदा डोकावून पाहायला काय हरकत होती?

पण मी गेलो तो या जिज्ञासेने नव्हे. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या मुलीचे लग्न ठरले आणि दागिन्यांच्या खरेदीला मलाही ओढून नेण्यात आले. "काका, तुम्ही नुसते बसा, मध्ये बोलू नका," या अटीवर. मी बसलो. समोर काचेखाली एक अंगठी होती. मधोमध एक तपकिरी खडा आणि भोवती बारीक पांढऱ्या हिऱ्यांची महिरप. विकणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने अंगठी मखमलीवर ठेवली, वरचा दिवा जरा खाली ओढला आणि म्हणाली, "हा शॅम्पेन डायमंड, मॅडम. पांढऱ्यात नसते अशी एक ऊब याच्यात आहे, बघा."

पुतणीने खडा निरखला आणि ती पटकन बोलून गेली, "अगं बाई, हा तर आत्याआजीच्या कुडीतल्यासारखा!"

मी काही बोललो नाही, अट होती. पण त्या खड्याचा उल्लेख आमच्या घरात कोणी मोठ्याने केल्याला साठाहून अधिक वर्षे लोटली होती.

आत्याचे लग्न 1957 सालचे. मी तेव्हा आठनऊ वर्षांचा असेन. आजोबांनी ऐपतीबाहेर जाऊन तिला हिऱ्यांच्या कुड्या केल्या होत्या. प्रत्येक कुडीत सात हिरे, मधला जरा मोठा. डाव्या कुडीतला तो मधला हिरा इतरांसारखा नव्हता, हे लग्नातल्या दिव्यांच्या झगमगाटात कोणाच्या ध्यानात आले नाही. पहिल्या मंगळागौरीला आत्या सकाळच्या उन्हात ओसरीवर पत्री निवडीत बसली होती. तिच्या सासूबाईंनी तिच्या कानाकडे पाहिले आणि शेजारणीला म्हटले, "हा खडा करडा मारतो." एवढेच. भांडण नाही, आदळआपट नाही. गावच्या सराफाने भिंग लावून निकाल दिला : हिरा खरा आहे, पण तपकिरी आहे, त्याला मोल नाही. पुढे त्याच वर्षी घरात एक मोठे दुखणे निघाले आणि 'हिरा सगळ्यांनाच लाभत नाही' हे वाक्य, जे आपल्या घरांतून कोनाड्यातल्या निरांजनासारखे नेहमी हाताशी असते, ते बोलले गेले. आजोबांच्या कानावर ते आले तेव्हा दोन दिवस ते पानावरून उठून जात, असे आई सांगे. आत्याने कुड्या काढून डबीत ठेवल्या आणि मोत्यांच्या घातल्या, त्या आजतागायत.

तोच रंग आता मखमलीवर बसून ऊब देत होता. मी त्या पेढीतून कॅटलॉग मागून घेतला, आणि पुढे वर्षभर या विषयावरचे जे हाती लागेल ते वाचीत सुटलो. या लेखाला रत्नपरीक्षा समजू नये. मला हिऱ्यातले काही कळत नाही. विशेषणांतले थोडेफार कळते.

या तपकिरी हिऱ्याचे भाग्य उघडले ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली या ओसाड मुलखात. (दक्षिण आफ्रिकेतले हिऱ्यांचे गाव किम्बर्ली ते निराळे, नावाची उधारी या धंद्यात पहिल्यापासूनच आहे.) तिथे आर्गाइल नावाच्या ठिकाणी 1979 मध्ये हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला. 1983 पासून माल निघू लागला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये रिओ टिंटो कंपनीने खाण बंद केली तोवर शहाऐंशी कोटी कॅरटांहून अधिक हिरे तिथून निघाले. जगात या खाणीचे नाव झाले ते गुलाबी हिऱ्यांसाठी. जगातल्या गुलाबी हिऱ्यांपैकी शेकडा नव्वदाहून अधिक तिथलेच. पण त्या खाणीच्या एकंदर मालात गुलाबी खडा शेकडा एकाहूनही कमी. बाकी बहुतेक सारा माल तपकिरी. आणि तपकिरी हिरा म्हणजे तोवर खडक पोखरायच्या आणि धातू घासायच्या हत्यारांत घालायची वस्तू. कोणाच्या बोटात घालायची नव्हे.

आता मालकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते? खाणीतून एकीकडे तोळामासा गुलाबी निघतो आहे आणि दुसरीकडे गाड्या भरभरून तपकिरी. खडा बदलता येत नाही. मग जे बदलता येते ते बदलायचे. शब्द! 1980 नंतरच्या दशकात आर्गाइलवाल्यांनी तपकिरी हिऱ्यांची एक प्रतवारी लावली, सी-1 पासून सी-7 पर्यंत. पहिल्या दोन पायऱ्या फिकट शॅम्पेन, पुढल्या दोन मध्यम शॅम्पेन, त्यापुढल्या दोन गडद शॅम्पेन आणि सातवी कोन्याक. 1996 मध्ये ते डी बीअर्सच्या विक्रीव्यवस्थेतून बाहेर पडले आणि स्वतःचा माल स्वतः विकू लागले. मग तर ही नावे अंगवळणीच पडली. त्या खाणीचा बारीक तपकिरी माल पैलू पाडायला येई तो मुख्यतः आपल्याकडे, सुरतेला. तिथल्या घंटीवर वाकून बसलेल्या कारागिराच्या हातून त्याने रूप घेतले. पण नाव मात्र समुद्रापलीकडून आले.

इथे समीक्षकाने थोडे थांबावे. उपमेची चार अंगे आपण शाळेत घोकलेली असतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. 'शॅम्पेन हिरा' यात उपमेय हिरा, उपमान शॅम्पेन. साधारण धर्म कोणता? रंग, असे कोणीही म्हणेल. पण शॅम्पेनचा रंग ज्यांनी पाहिला आहे (मी पाहिला आहे, एका प्रकाशन समारंभात, चव घेतली नाही असे घरी सांगितले) त्यांना ठाऊक आहे की तो वाळल्या गवतासारखा फिका पिवळा असतो. मखमलीवरचा तो खडा चहाच्या रंगाचा होता, दूध न घातलेल्या चहाच्या. काकवीशी त्याचे साम्य अधिक होते, चिंचेच्या पातळ कोळाशी तर फारच होते. मग जाहिरातनवीसाने काकवी का घेतली नाही? कारण त्याच्या उपमेतला साधारण धर्म रंग हा नाहीच. तो आहे किंमत. उपमान निवडले गेले ते दिसण्यावरून नव्हे, तर ते कोणाच्या टेबलावर असते यावरून. काकवीने खडा आपल्या स्वयंपाकघरात येतो. शॅम्पेनने तो अशा घरात जातो जिथे आपण अजून गेलो नाही, पण जायला आवडेल. इतकी जुनी अलंकारविद्या आपल्यापाशी असून, ज्यात साम्याला मोलाने विकत घेतले आहे अशा या उपमेला तिच्यात जागा नाही, याचे मला नवल वाटते.

पण एवढ्यावरच निकाल देऊन मोकळे झालो तर तो अर्धा निकाल होईल. शॅम्पेन हे सोंग आणि तपकिरी हे खरे रूप, असे म्हणायचा मोह होतो. पण मराठीत 'तपकिरी' हा शब्द तरी कुठे निर्व्याज आहे? तोही उपमेतूनच आला, तपकिरीच्या डबीतून. नाकात चिमूट ओढणाऱ्या आजोबांच्या मळक्या रुमालासकट आला. त्याच रंगाला बदामी म्हणा, तो कुलीन होतो. चॉकलेटी म्हणा, लहान मुलांचा होतो. वधूवरसूचक मंडळांच्या वह्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना हे नव्याने सांगायला नको. तिथे सावळी मुलगी कधी नसतेच, ती 'गव्हाळ' असते, आणि गव्हाळाच्या वरची 'निमगोरी'. आत्या स्वतः सावळी. तिच्या पत्रिकेसोबत आजोबांनी स्वतःच्या हाताने 'गव्हाळ' लिहिले होते. आणि सासरी कुडीतला खडा मात्र कोणी गव्हाळ म्हटला नाही. त्याला करडा म्हटले. माणसाला सांभाळून घेणारे विशेषण दगडाला मिळाले नाही, एवढाच त्यातला फरक.

शॅम्पेनच्या पुढचा मासला अमेरिकेतला. ले व्हियाँ नावाच्या दागिने करणाऱ्या पेढीने 2000 साली 'चॉकलेट डायमंड्स' हे नावच आपल्या मालकीचे म्हणून नोंदवून घेतले. त्याच रंगाचा, त्याच जातीचा खडा दुसरा कोणी विकीत असेल तर त्याला तो चॉकलेट म्हणता येत नाही. आमच्या कवींना हे वाचून हेवा वाटेल. बिचारा कवी एक चांगले विशेषण शोधतो आणि दोन वर्षांत ते प्रत्येक वार्षिक स्नेहसंमेलनाच्या अंकात दिसू लागते.

पांढऱ्या हिऱ्यांच्या बाबतीत तर रंग हा उघड दोषच मानला जातो. अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने गेल्या शतकाच्या मध्याला जे माप लावले ते आज जगभर चालते. ते डी या अक्षरापासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे अगदी निर्मळ, पाण्यासारखा. पुढे एकेका अक्षरागणिक पिवळेपणाची किंवा तपकिरीपणाची झाक वाढत जाते आणि किंमत उतरत जाते. पण गंमत झेडच्या पलीकडे आहे. पिवळेपणा आणखी वाढला की तो खडा या मापातून बाहेर पडतो आणि एकदम 'फॅन्सी' होतो. मग जितका पिवळा तितका महाग : फॅन्सी, त्यावर फॅन्सी इंटेन्स, त्यावर फॅन्सी व्हिव्हिड. पिवळेपणाचे कारण दोन्हीकडे एकच, हिऱ्यात शिरलेला नायट्रोजन. थोडा असला तर डाग, पुष्कळ असला तर वैभव. लहान चोराला पोलीस धरतात आणि मोठ्याला सभेचा अध्यक्ष करतात, त्यातलाच हा प्रकार.

या मापाविषयी मात्र मला आदर आहे, तो एका कारणासाठी. त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर शॅम्पेन, कोन्याक, चॉकलेट यांपैकी काहीही लिहिलेले नसते. तिथे सरळ 'ब्राउन' असते. फार तर 'पिवळसर ब्राउन', 'नारिंगीसर ब्राउन'. म्हणजे एकाच डबीत दोन कागद असतात. एकावर काव्य आणि दुसऱ्यावर गद्य. गिऱ्हाईक काव्य वाचून पैसे देते आणि गद्य कपाटात ठेवते.

रंगाला मोल चढवायची ही विद्या आजची नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वज्रांचे रंग वर्णावर्णांत वाटून दिलेले आहेत : पांढरा ब्राह्मणाला, तांबडा आणि पिवळा क्षत्रियाला, शिरीषाच्या फुलासारखा वैश्याला आणि तलवारीच्या रंगाचा शूद्राला. (उत्तम वज्र पाण्यावर तरंगते असेही तिथे म्हटले आहे, तेव्हा ते किती विश्वासाने वाचायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.) जातीने वाटले होते ते जाहिरातीने पैशाने वाटले. एवढे मात्र खरे की रंगीत हिरा आवडण्यासाठी जुन्या राजेरजवाड्यांना कोणा जाहिरातनवीसाची गरज लागली नाही. तेहरानच्या खजिन्यातला दर्या-इ-नूर हा आपल्या गोवळकोंड्याचा, फिका गुलाबी. आणि आपल्या बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी ब्राझीलमध्ये 1853 साली सापडलेला 'स्टार ऑफ द साउथ' हा एकशे अठ्ठावीस कॅरटांचा हिरा विकत घेतला. त्याचा रंग आजच्या मापाने 'फॅन्सी लाइट पिंकिश ब्राउन'. व्याकरणाच्या विद्यार्थ्याने हे विशेषण सोडवून पाहावे. विशेष्य ब्राउन आहे, पिंक नुसते त्याच्या अंगावरून वारा घालते आहे. पण त्या हिऱ्याविषयी बोलणारा बहुतेक जण गुलाबीच म्हणतो. गायकवाडांनी करडा खडा घेतला तर तो दक्षिणेचा तारा, आणि माझ्या आजोबांनी घेतला तर त्याला मोल नाही. दोघांच्या खड्यांत आकाराचा फरक होता हे मी नाकारीत नाही.

लिलावात ही नामकरणाची कला शिगेला पोहोचते. एकोणसाठ कॅरटांचा एक गुलाबी हिरा आहे. तो आधी 'स्टाइनमेट्झ पिंक' होता, मग 'पिंक स्टार' झाला. 2013 साली जिनिव्हाच्या लिलावात आठ कोटी तीस लाख डॉलरांची बोली लावणाऱ्याने त्याचे नाव 'पिंक ड्रीम' ठेवले. पैसे काही त्याच्याने भरवले नाहीत, तेव्हा स्वप्न मोडले आणि तारा पुन्हा तारा झाला. 2017 मध्ये हाँगकाँगला तो सात कोटी बारा लाख डॉलरांना गेला आणि घेणाऱ्या चाऊ ताई फूक या पेढीने आपली आद्याक्षरे त्याच्यापुढे जोडली. दगड तोच, बारसी चार. पुढे 2022 साली टांझानियातला अकरा कॅरटांचा दुसरा एक गुलाबी हिरा विक्रीला आला. त्याचे नाव ठेवले 'विल्यमसन पिंक स्टार', म्हणजे त्या ताऱ्याचे नाव आणि 1947 मध्ये इंग्लंडच्या राजकन्येला लग्नात मिळालेल्या विल्यमसन हिऱ्याचे नाव, दोन्ही एकत्र. पाच कोटी सत्याहत्तर लाख डॉलर आले. एखाद्या नवकवीने आपल्या पहिल्या संग्रहाला दोन ज्येष्ठ कवींच्या संग्रहांची नावे जोडून द्यावीत तसे हे झाले. आमच्याकडे अशाला हसतात.

याहून मला आवडते ती होप हिऱ्याची गोष्ट. निळा हिरा, गोवळकोंड्याच्या राज्यातला, टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने इथून नेऊन चौदाव्या लुईला विकला तोच. पुढे चोरीला गेला, आणि पुन्हा पैलू पाडून घेतलेला. 1910 च्या सुमारास पिएर कार्टिए हा जवाहिऱ्या तो एका श्रीमंत अमेरिकन बाईला दाखवायला घेऊन गेला तेव्हा त्याने हिऱ्याबरोबर एक शापाची कथा नेली : हा ज्याच्याकडे जातो त्याचा नाश होतो. बाईंना अशुभ वस्तूंचीच हौस होती, आणि त्यांनी तो घेतला. आपल्याकडे 'लाभत नाही' म्हटले की हिरा डबीत जातो. तिथे 'लाभत नाही' म्हणूनच तो विकला गेला. नंतर हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने 1958 मध्ये तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकला तो साध्या रजिस्टर टपालाने. पोस्टमनच्या पिशवीतून. या सबंध कथेतला अद्भुतरस मला त्या पिशवीत अधिक वाटतो.

हे सारे वाचता वाचता एका जागी मात्र मी थबकलो. ती माहिती कोणत्याही कॅटलॉगात नाही. पिवळ्याला नायट्रोजन लागतो, निळ्याला बोरॉन. पण आर्गाइलच्या गुलाबीत वेगळे असे काहीही मिसळलेले नसते. जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाने स्फटिकाची घडण थोडी वाकते, मुरगळते, आणि त्यातून गुलाबी रंग दिसतो. आणि तीच घडण आणखी मुरगळली की हिरा तपकिरी होतो. म्हणजे कोट्यवधी डॉलरांचा गुलाबी आणि घासकामाचा तपकिरी हे एकाच खाणीतले, एकाच दुखण्याचे सख्खे भाऊ. एकाला जरा कमी लागले, एकाला जरा जास्त. त्या जास्त लागलेल्याला सगळ्यांनी मिळून नावे ठेवली. नंतर त्यालाच नाव दिले. आत्याला हे सांगायचे मी मनात ठरवले आणि मग राहून गेले. कसे सांगावे ते कळेना.

मग या नावांत नुसती लबाडीच आहे काय? मला तसे म्हणवत नाही. 1961 साली ऑड्री हेपबर्नने एका बोलपटाच्या जाहिरातीसाठी टिफनीचा तो एकशे अठ्ठावीस कॅरटांचा पिवळा हिरा गळ्यात घालून छायाचित्रे काढून घेतली, तेव्हा पिवळ्या हिऱ्याकडे कसे पाहावे हे जगाला नव्याने दिसले. ते शिकवणे धंद्याचे होते, पण दिसलेले खोटे नव्हते. आम्ही समीक्षक दुसरे काय करतो? न वाचल्या गेलेल्या कवितेवर एक चांगला शब्द ठेवतो, आणि त्या शब्दाच्या उजेडात लोकांना ती दिसू लागते. मी स्वतः एका कवीच्या दुर्बोध ओळींना 'गर्भश्रीमंत' म्हटले होते. त्या खरोखर तशा होत्या की माझा शब्द बरा लागला होता, हे आता मलाही सांगता येत नाही. जाहिरातनवीस आणि मी यांच्यात फरक एवढाच की त्याला कमिशन मिळते. हा फरक मी पूर्वी फार मोठा समजत असे.

तरीही कसोटी लावायला जागा आहे, आणि ती धंद्यानेच अजाणता उपलब्ध करून दिली. 'हिरा कायमचा' ही घोषणा 1947 पासून जगाला पढवणाऱ्या त्याच डी बीअर्सने 2018 मध्ये 'लाइटबॉक्स' नावाने कारखान्यात घडवलेले हिरे विकायला काढले : पांढरे, गुलाबी आणि निळे. आणि तिन्हींना भाव एकच, कॅरटामागे आठशे डॉलर. खाणीतून निघाला तर गुलाबीला पांढऱ्याच्या अनेक पट किंमत, आणि कारखान्यातून निघाला की पांढऱ्याच्या पंक्तीला. रंग तोच, कार्बनच, डोळ्याला फरक नाही. मग त्या अनेक पटींत रंगाचे किती होते, आणि 'दुर्मिळ', 'अखेरचा', 'खाण बंद झाली' या शब्दांचे किती? आर्गाइल बंद व्हायच्या आधीची काही वर्षे प्रत्येक जाहिरातीत 'आता फार उरले नाहीत' हे पालुपद होतेच. लाइटबॉक्स बंद करीत असल्याचे डी बीअर्सने 2025 च्या मे महिन्यात जाहीर केले. आणि त्याच वर्षी त्यांनी खाणीतल्या तपकिरी, मळकट पांढऱ्या, पिंगट हिऱ्यांची नवी मोहीम काढली. तिचे नाव 'डेझर्ट डायमंड्स', वाळवंटातले हिरे. शॅम्पेन थोडी शिळी झाली असावी. या नव्या नावाला मी तिच्याहून बरे गुण देईन. वाळूचा रंग निदान खड्याशी जुळतो, आणि वाळू कोणाच्या टेबलावर नसते.

आता त्या खरेदीकडे परत येतो. पुतणीच्या मुलीला अंगठी आवडली होती, पण किंमत ऐकून ती म्हणाली, "आजोबा, मग आत्यापणजीच्याच कुडीतला खडा काढून बसवला तर?" कुड्या आणल्या. पासष्ट वर्षांनी ती डबी उघडली तेव्हा आतला कापूस पिवळा पडला होता. दुपारची वेळ होती, खिडकीत ऊन होते. मी खडा उन्हात धरला. तो सुंदर दिसला. आतून मधाचा एक थेंब हलल्यासारखे झाले. पण मी एवढे कॅटलॉग वाचून बसलो होतो की ते सौंदर्य माझ्या डोळ्यांनी पाहिले की त्या दोन ओळींनी मला दाखवले, याचा निवाडा माझ्याने करवला नाही, अजूनही करवत नाही.

कुड्या घेऊन आम्ही त्याच पेढीत गेलो. या वेळी चुणचुणीत मुलगी नव्हती, आत बसणारे अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावले, खडा फिरवून पाहिला आणि हिरा चांगला आहे म्हणाले. पुतणीने सहज विचारले, "समजा, विकायचा म्हटला तर?" ते म्हणाले, "ब्राउन आहे. घेताना आम्ही ब्राउनच धरतो, बाई." 1957 च्या त्या गावच्या सराफाचेच वाक्य, फक्त इंग्रजीत. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. निदान त्यांनी घेताना तरी गद्य वापरले.

खडा कुडीतून काढायचा की कसे हे आत्याला विचारल्याशिवाय करायचे नव्हते. ती नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येते, पण एकदा ऐकले की नीट ऐकते. मी तिच्यापाशी बसलो आणि सगळे सांगितले. खाण, सुरत, सी-1 ते सी-7, आणि आता या रंगाला शॅम्पेन म्हणतात व लोक हौसेने घेतात. मुलीने कुडी तिच्या कानाशी धरून आरसा पुढे केला. आत्याने आरशात पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि मग मला म्हणाली,

"शॅम्पेन म्हणजे दारूच ना रे?"

"हो."

"मग बरे झाले बाई तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. सासूबाई माळकरी होत्या. करडा होता म्हणून निदान घरात तरी राहू दिला."

मुलगी हसत सुटली. आत्याने कुड्या तिच्या हातात ठेवल्या आणि खडा काढू नकोस, आहेत तशाच घाल, असे सांगितले.